माझ्या मॉडेलमध्ये खाडा नव्हता

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी कच्चं आहे, सांभाळून घ्या. पण ही गोष्ट मराठीतच सांगायला हवी.

मिनी प्रोजेक्टसाठी मी कॉम्प्युटरवर वीस वर्षांच्या हजार काल्पनिक ऊसतोड महिला तयार केल्या. दरवर्षी प्रत्येकीसाठी फासा टाकायचा: ती बरी राहील, आजारी पडेल, की तिची गर्भपिशवी काढली जाईल? याला मायक्रोसिम्युलेशन म्हणतात. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं तर हाडं लवकर ठिसूळ होतात, म्हणून ऑपरेशन मोजून भागत नाही. पुढची वर्षंही मोजावी लागतात.

फासा मनाने बनवता येत नाही. 2019 साली सरकारी समितीच्या पाहणीत आपल्या बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळपास सतरा! त्यावरून मी सगळ्यांना एकच शक्यता लावली. ग्राफ छान आला, मार्कही मिळाले.

तो ग्राफ मी मेसमधल्या मावशींना दाखवला. त्यांनी बारा हंगाम ऊस तोडलाय. ऑपरेशन तिशीच्या आतच झालं. त्या म्हणाल्या, "यात खाडा कुठंय गं?"

खाडा म्हणजे कामाला न गेलेला दिवस. त्याचे पैसे कापले जातात, म्हणून उचल फिटेपर्यंत दुखणं अंगावर काढायचं. माझ्या मॉडेलमध्ये ना खाडा होता, ना उचल. मी वापरलेल्या साध्या मार्कोव्ह पद्धतीत पुढचं वर्ष फक्त चालू वर्षावरून ठरतं, मागचं विसरलं जातं. मुकादमाची वही मात्र काहीच विसरत नाही!

माझं मत असं, की एकदाच केलेली पाहणी म्हणजे फोटो. त्यावरून सिनेमा काढला तर आजचंच दुःख तीस वर्षं लांबवलेलं दिसतं. खरा प्रश्न वेगळा आहे. खाड्याचे पैसे कापणं थांबलं, फडावर संडास आणि पाणी मिळालं, तर किती ऑपरेशनं टळतील? त्यासाठी टोळी निघताना आणि परतल्यावर त्याच बाईची तपासणी, नाव झाकून, वर्षानुवर्षं जोडत गेली पाहिजे. आणि त्या फॉर्मात खाडा नि उचल यांचेही रकाने हवेत.

दसऱ्यानंतर होस्टेलसमोरून ऊसतोडीच्या गाड्या जातात. आपण खिडकीतून बघतो आणि परत पुस्तकात डोकं घालतो. यंदा मी वही घेऊन खाली उतरणार आहे. कोण येतंय?