जोत्यातली चोरी

आमच्या पालघर जिल्ह्यातल्या मनोर भागात भिंतीला ओल आली की बिल्डर पावसाला दोष देतो, मिस्त्री वाळूला देतो, घरमालक भाडेकरूला देतो आणि रंगाचा दुकानदार नवा डबा पुढे करतो. यातले कोणीही खरे बोलत नाही. पाऊस या मुलखाला नवा नाही. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस इथल्या कुडाच्या घरांनी पिढ्यान् पिढ्या अंगावर घेतला. आज ओल येते ती जोत्यात घालायची गोष्ट कोणीतरी घातली नाही म्हणून. मी त्याला निष्काळजीपणा म्हणत नाही. ही चोरी आहे, आणि लादीखाली गाडली गेल्यामुळे ती आजवर पचत आली आहे.

मस्तान नाक्यावरून पालघरकडे निघा, नाहीतर वाड्याच्या रस्त्याला लागा. जिथे आता चाळी, गोदामे आणि बंगल्यांचे प्लॉट आहेत, तिथे बऱ्याच ठिकाणी काल-परवापर्यंत भाताची खाचरे होती. खाचर म्हणजे पाणी धरून ठेवण्यासाठीच घडवलेली जमीन. दरवर्षीच्या चिखलणीने मातीचे बारीक कण खाली बसतात, नांगराच्या तळाशी घट्ट थर तयार होतो आणि पाणी मुरायचे थांबते. भाताला तेच हवे असते, घराला तेच मारक ठरते. वर चार फूट भराव टाकला म्हणून तो थर नाहीसा होत नाही. पावसाळाभर पाणी भरावाच्या पोटात साठून राहते. त्या भरावावर जोते, जोत्यात पुन्हा मातीचीच भरणी आणि भरणीवर लादी. बारीक मातीच्या आणि विटांच्या छिद्रांतून पाणी वर चढते, समईच्या वातीत तेल चढते तसे. येताना जमिनीतले क्षार घेऊन येते. पाणी उडून जाते, क्षार गिलाव्यात राहतात, त्यांचे स्फटिक फुगतात आणि गिलावा आतून फोडतात. लोणा लागतो तो असा. मग पोपडे, कुबट वास, कपाटामागे काळी बुरशी आणि दाराच्या चौकटीला वाळवी.

हे थांबवायला किती खर्च येतो, याचा हिशेब मी सगळ्यांसमोर मांडतो, कारण तो ऐकल्यावरच या चोरीची नीचता कळते. पंचवीस चौरस मीटरचे घर धरा. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ तेवढेच आहे. लादीखाली दगडाचे सोलिंग आणि खडी हवी, कारण खडीच्या मोठ्या फटींतून पाणी वर चढू शकत नाही. खडीच्या खाणी तर आमच्याच डोंगरांना लागल्या आहेत. त्यावर २५० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद, पट्ट्या एकमेकींवर चढवून आणि कडा भिंतीपर्यंत वळवून. अख्ख्या घराला सातेक किलो प्लास्टिक पुरते. शेवटी जोत्याच्या माथ्यावर, भिंत सुरू होण्याआधी, ४० मिलिमीटर जाडीचा दाट काँक्रीटचा थर, त्यात वॉटरप्रूफिंगचे द्रावण आणि वरून गरम डांबर. मिस्त्री त्याला डीपीसी म्हणतात. पाच बाय पाच मीटरच्या घराच्या बाहेरच्या चार भिंती आणि मधली एक, नऊ इंची धरून मोजा. पाव घनमीटरसुद्धा काँक्रीट लागत नाही. सिमेंट दीड गोणी.

दीड गोणी सिमेंट आणि सात किलो प्लास्टिक. एवढ्यावर हात मारून एका कुटुंबाला जन्मभर ओल्या घरात राहायला लावणाऱ्या माणसाला ठेकेदार का म्हणायचे?

‘आरसीसीचा प्लिंथ बीम आहे, मग डीपीसी कशाला?’ हे उत्तर मी इतक्या तोंडून ऐकले आहे की ते कुठे शिकवले जाते की काय असे वाटावे. बीम भिंतीखाली असतो, खोलीतल्या भरणीखाली नसतो. आणि बाहेरचा गिलावा थेट जमिनीत उतरवला की पाणी बीमला वळसा घालून गिलाव्यातूनच वर जाते. राष्ट्रीय इमारत संहिता जोते भोवतालच्या जमिनीपासून किमान ४५० मिलिमीटर, म्हणजे दीड फूट वर ठेवायला सांगते. इथे रस्ता दर डांबरीकरणाला वर येतो, शेजारचा प्लॉट भराव टाकून उंच होतो आणि काही वर्षांत दीड फुटाचे जोते अर्ध्या फुटावर येते. तरीही आपल्या भरावाने शेजाऱ्याच्या घरात पाणी लोटताना कोणाला लाज वाटत नाही.

सरकारी योजनेतून घरकुल बांधणाऱ्या बाईला मी एका शब्दानेही दोष देणार नाही. सपाट भागात योजनेचे मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये, तेही टप्प्याटप्प्याने मिळते. टप्प्यांचे फोटो जागेच्या नोंदीसह चढवावे लागतात, त्यात जोत्याचाही असतो. म्हणजे डीपीसीचा थर डोळ्यांना दिसू शकतो त्याच सुमारास सरकारचा कॅमेरा दारात आलेला असतो. त्या फोटोतून जोते उभे राहिल्याचे कळते, जोत्यात काय घातले ते कळत नाही. माझी मागणी साधी आहे. ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्याने दोन फोटो घ्यावेत, एक अंथरलेल्या प्लास्टिकचा आणि एक डांबर फासलेल्या थराचा. आणि या दोन गोष्टींचे पैसे अनुदानात वेगळे वाढवून द्यावेत. गरिबाच्या पदरात ओले घर टाकून घरकुल पूर्ण झाल्याचा आकडा मिरवू नये.

विकत घेतलेल्या घराला तर कायद्याचा आधार आहे. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या दर्जातला किंवा कारागिरीतला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत, एक पैसा न घेता दुरुस्त करायचा असतो. जोत्यातून चढलेली ओल हा असाच दोष आहे आणि तो लेखी कळवायचा असतो, हे किती घरांना ठाऊक आहे? पण ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरच्या किंवा आठ घरांपर्यंतच्या प्रकल्पाला रेराची नोंदणीच लागत नाही. बोईसरच्या कारखान्यात पाळ्या करणाऱ्या कामगाराला नोटरीच्या कागदावर चाळीतली खोली विकली जाते, तेव्हा त्याने कोणाच्या दारात उभे राहायचे?

भाड्याने राहणाऱ्याचे हाल याहून वाईट. त्याला उपदेश मिळतो: खिडक्या उघड्या ठेवा, कपडे आत वाळवू नका. जुलैतली हवा स्वतःच पाण्याने भरलेली असते. ती आत घेऊन भिंत सुकत नाही, उलट थंड लादीवर आणखी घाम फुटतो. हवेवरचा असाच भरवसा अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिनातही होता. तिथे बऱ्याच घरांच्या लाकडी फरशीखाली रांगत जाता येईल एवढी पोकळी असते. हवा खेळावी म्हणून तिला झरोके ठेवायची जुनी रीत. या शतकाच्या सुरुवातीला प्रिन्सव्हिल गावातल्या घरांत मोजमापे घेतली तेव्हा दिसले, की झरोके बंद करून जमिनीवर प्लास्टिक अंथरलेल्या पोकळ्या जास्त कोरड्या राहतात. दमट मुलखात वाऱ्यावर भिस्त ठेवायची नसते, जमिनीचे तोंड बंद करायचे असते. आमचा मुलूख त्याहून दमट आहे.

आणि ज्यांना हा भिंतीच्या शोभेचा प्रश्न वाटतो त्यांच्यासाठी सांगतो. ओल, बुरशी आणि दमा-खोकला यांचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक पुस्तिकेत स्पष्ट मांडला आहे. इंग्लंडमधल्या रॉचडेलला डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचा अवाब इशाक बुरशीने भरलेल्या घरात राहून श्वसनाच्या विकाराने गेला. वडिलांनी बुरशीची तक्रार केली होती. घर देणाऱ्या संस्थेने कुटुंबाच्या राहणीवर बोट ठेवले. २०२२ मध्ये या मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने त्याचे कारण बुरशी असल्याचे नोंदवले. आता त्या मुलाच्या नावाचा कायदा तिथल्या सामाजिक घरांच्या मालकांना ठरलेल्या मुदतीत ओल हटवायला लावतो. आपल्याकडे असे मूल खोकत राहते, दवाखान्यात औषध घेते आणि पुन्हा त्याच भिंतीला पाठ लावून झोपते. भिंतीची चौकशी होत नाही.

रंगवाल्यांवर माझा सर्वात जास्त राग आहे. ओल्या भिंतीवर पुट्टी आणि पाणी अडवणारा रंग चढवला की भिंतीला सुकायची वाटच उरत नाही. पाणी रंगामागून आणखी वर चढते आणि पुढच्या वर्षी डाग कमरेवरून छातीपर्यंत येतो. कारवीचा कूड आणि शेणामातीचा लेप ओल धरत आणि सोडतही, शिवाय उतरत्या छपराचे पाणी भिंतीपासून दूर पडे. ते शहाणपण आपण सिमेंटखाली पुरले.

ज्यांचे घर बांधून झाले आहे त्यांनी आधी रोग ओळखावा. हातभर प्लास्टिकचा तुकडा लादीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने बंद करा आणि एक दिवस थांबा. खालच्या बाजूला पाणी धरले तर ते जमिनीचे, वरच्या बाजूला धरले तर हवेचे. जमिनीचे असेल तर पहिला खर्च घराबाहेर करा. जोत्याभोवती चर खणून, खडी भरून पाण्याला उतार द्या, पागोळ्या पन्हळीत घ्या, बाहेरचा गिलावा जमिनीपासून वीतभर वर कापा. मग आतला लोणा लागलेला गिलावा ओलीच्या रेषेच्या हातभर वरपर्यंत खरवडून काढा आणि दिवाळीपासून होळीपर्यंत भिंत उघडी ठेवा. लादी कधी उखडलीच, तर खाली प्लास्टिक घातल्याशिवाय नवी बसवू नका. रंग सगळ्यात शेवटी. नवे घर बांधणाऱ्याने जोते भरायच्या दिवशी कामावर सुट्टी टाकून तिथे उभे राहावे आणि काळा थर स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत मिस्त्रीला पहिली वीट लावू देऊ नये, ठेकेदाराला पुढचा हप्ताही देऊ नये.