यंत्राला अडवा, माणसाला नव्हे!

सकाळी 11 वाजता बिगर-वातानुकूलित डब्यांचे तत्काळ आरक्षण सुरू होते आणि पाहता पाहता गाडी भरते. मोबाईलवर धडपडणारा कामगार 'प्रतीक्षा यादी' वाचत बसतो. तिकिटे जातात कुठे? जून 2025 मध्ये रेल्वेनेच उत्तर दिले. आरक्षण उघडताच पहिल्या 5 मिनिटांत लॉगिनचे 50 टक्क्यांपर्यंत प्रयत्न बॉटचे, म्हणजे आपोआप चालणाऱ्या संगणक प्रणालींचे असतात. अडीच कोटी संशयास्पद खाती बंद करावी लागली. दलालाचे यंत्र क्षणात अर्ज भरते; आमचा माणूस नाव टाईप करेपर्यंत खेळ संपलेला असतो.

तेव्हा संकेतस्थळावर पहारा हवा, याबद्दल आमचे दुमत नाही. हा पहारा अडवतो कोणाला, एवढाच प्रश्न आहे. वेडीवाकडी अक्षरे ओळखायला लावणारा कॅप्चा आता यंत्रे सहज सोडवतात. दृष्टिहीन माणूस मात्र तिथेच अडतो. जुलै 2025 पासून ऑनलाईन तत्काळसाठी आधार-पडताळणी आणि पुढे ओटीपीही सक्तीचा झाला. ज्याच्या आधारला बंद पडलेला मोबाईल क्रमांक जोडलेला आहे, त्या स्थलांतरित मजुराने काय करावे?

आपण माणूस आहोत हे सिद्ध करत बसणे आम्हाला नवे नाही. सार्वजनिक तळ्याचे पाणी पिण्यासाठी बाबासाहेबांना 1927 साली महाडचा संगर उभारावा लागला. पुढे घटनेच्या कलम 15(2) ने विहिरी, तलाव, रस्ते सर्वांना खुले केले. सरकारी संकेतस्थळ हा आजचा सार्वजनिक पाणवठाच आहे. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा कलम 21 च्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी स्पष्ट केले आहे.

कायदाही अपुरा नाही. तिकिटांच्या अनधिकृत धंद्याला रेल्वे कायदा, 1989 च्या कलम 143 खाली 3 वर्षांपर्यंत कैद, 10 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हे कलम ई-तिकिटांनाही लागू आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये दिला. मग नुसती खाती बंद करून काय होणार? ती चालवणाऱ्यांवर खटले भरा. अनैसर्गिक वेगाने येणाऱ्या विनंत्या सर्व्हरवरच रोखा. कॅप्चाला आवाजाचा पर्याय द्या, आधारशिवाय दुसरे ओळखपत्रही स्वीकारा.

चोर दलाल असताना झडती मात्र प्रवाशाची, हा न्याय नव्हे. पाणवठ्यावर पहारा जरूर बसवा. पण तहानलेल्याला परत पाठवू नका!