दाऱ्यावरची बॅटरी

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत शेतीपंपांना थ्री फेज वीज चक्राकार पद्धतीने मिळते: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की हरभऱ्याला, गव्हाला, उसाला पाणी देणारा माणूस मोटार चालू करून उजाडेपर्यंत दारे धरतो. ठिबक असले तरी व्हॉल्व्ह बदलायला उठावेच लागते. या कामात खोऱ्याच्या बरोबरीचे दुसरे अवजार म्हणजे बॅटरी. खोरे घेताना पाते वाजवून पाहिले जाते, दांडा तपासला जातो. बॅटरी मात्र दुकानदाराने समोरच्या भिंतीवर मारलेल्या झोतावर पसंत होते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून जिथे दिवसा वीज मिळू लागली आहे तिथे रात्रीचे पाणी कमी होईल. पण रानडुकरे आणि रोह्यांसाठीची जागल, पहाटेची धार, फ्यूज गेलेली डीपी ही कामे राहणारच आहेत.

निवडीची सुरुवात कामापासून करावी लागते. दाऱ्यावरच्या माणसाला सर्वाधिक वेळ पाहायचे असते ते पायापुढचे दोन-तीन मीटर: सरीतले पाणी कुठवर आले, धुरा कुठे फुटला, चिखलात काय पडले आहे. याच अंतरात साप असतो. ओल आली की बिळांतले उंदीर बाहेर पडतात आणि त्यांच्यामागे नाग, घोणस येतात. मण्यार तर निशाचरच आहे. घोणशीची नक्षी उसाच्या वाळल्या पाचटात आणि फुरशाचा मातकट रंग खडकाळ माळावर असा मिसळतो की अंधुक किंवा निळसर प्रकाशात तो वेगळा दिसत नाही. म्हणून पायाशी पसरणारा, मऊ कडांचा आणि रंग खरे दाखवणारा प्रकाश ही शेतातल्या बॅटरीची पहिली अट. दूरवर जाणारा झोत नंतरचा.

बाजार याच्या नेमका उलटा चालतो. खोक्यावर ल्युमेनचा आकडा सर्वांत मोठ्या अक्षरात असतो. ल्युमेन म्हणजे बॅटरीतून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो एका जागी किती एकवटला आहे हे कँडेलावरून कळते. झोत किती दूर जातो हे कँडेलावर ठरते, ल्युमेनवर नाही. कँडेलाचे वर्गमूळ काढून दुप्पट केले की खोक्यावर छापलेले मीटर मिळतात: २,५०० कँडेलाला १०० मीटर, १०,००० कँडेलाला २०० मीटर. मात्र हे अंतर म्हणजे जिथे प्रकाश पाव लक्स, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उरतो ती जागा. तिथे उभे असलेले जनावर रोही आहे की गाय, हे त्या प्रकाशात सांगता येत नाही. निम्म्या अंतरावर प्रकाश चौपट होतो, म्हणून छापील मीटरच्या निम्मे हेच कामाचे अंतर धरावे.

पायाशी पाहायला ५० ते १०० ल्युमेन पुरतात. किनवट-माहूरच्या जंगलालगतच्या रानात, जिथे बिबट्या आणि अस्वलाचा वावर आहे, तिथे शंभर मीटरपर्यंत डोळ्यांची चमक टिपणारा झोतही हाताशी हवा. दोन्ही गरजा एकाच छोट्या बॅटरीत पूर्ण होत नाहीत. ज्या बॅटऱ्या तसा दावा करतात त्यांचा झोत मधोमध टोकदार आणि बाजूला काळोखा असतो. असा झोत जमिनीवर टाकला तर मधला ठिपका डोळ्यांत खुपतो आणि त्याच्या कडेचे काही दिसत नाही. यावरचा उपाय दोन बॅटऱ्या हाच: खिशात किंवा डोक्याला पसरट प्रकाशाची, आणि आखाड्यावर लांब झोताची.

प्रकाशाचा आकडा खरा की खोटा हे दुकानातच ताडता येते. हल्लीच्या बहुतेक चांगल्या छोट्या बॅटऱ्यांत १८६५० नावाचा लिथियम-आयन सेल असतो. १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, म्हणून हे नाव. त्याचा व्होल्टेज ३.६ च्या आसपास आणि क्षमता २,६०० ते ३,५०० मिलिअँपिअर-तास. म्हणजे एका सेलमध्ये दहा-बारा वॉट-तास ऊर्जा. आजचा एलईडी एका वॉटमधून साधारण शंभर ल्युमेन काढतो, असे धरले तर शंभर ल्युमेनवर असा सेल रात्रभराची पाळी काढतो आणि हजार ल्युमेनवर तासाभरात संपतो. ‘१,००० ल्युमेन, १० तास’ असे लिहिलेल्या एका सेलच्या बॅटरीला शंभर वॉट-तास लागतील. तेवढी ऊर्जा त्या नळीत मावत नाही. असे दावे करणाऱ्या बॅटऱ्या सुरुवातीची दोन-तीन मिनिटे हजार ल्युमेन देतात, मग तापू नये म्हणून स्वतःच प्रकाश उतरवतात, आणि मूळ प्रकाशाच्या दहाव्या भागापर्यंत घसरेपर्यंतचा सगळा वेळ ‘चालण्याचा वेळ’ म्हणून मोजला जातो. मोजण्याची ही पद्धत मान्य मानकातलीच आहे, पण ती माहीत नसलेल्या गिऱ्हाइकाची फसगत होते.

खोटेपणा सेलमध्येही असतो. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल नवे रंगीत वेष्टन चढवून ‘९,९०० एमएएच’ म्हणून विकले जातात. १८६५० मापात एवढी क्षमता आजवर कोणी बनवलेली नाही. ४,००० च्या पुढचा आकडा दिसला की सेल ठेवून द्यावा. सोनाराचा काटा जवळ असेल तर आणखी एक परीक्षा सोपी आहे: चांगला १८६५० साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो, तीस ग्रॅमचा सेल आतून पोकळच.

तालुक्याच्या बाजारात अजूनही सर्वाधिक खपते ती भिंतीच्या प्लगात थेट खोचायची, आत शिसे-आम्ल सेल असलेली चार्जिंगची बॅटरी. ती स्वस्त असते, झोतही जोरदार असतो. पण हा सेल रिकामा ठेवला की त्याच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो आणि तो पुन्हा पूर्ण भरत नाही. पावसाळ्यात दोन-तीन महिने कोपऱ्यात पडून राहिलेली अशी बॅटरी रब्बीला दहा मिनिटांत मंद होते, त्याचे कारण हेच. सेल आतच डकवलेला असल्याने ती फेकावी लागते. सेल काढता-घालता येणारी बॅटरी सुरुवातीला महाग पडली तरी सेल बदलून वर्षानुवर्षे चालते.

ज्या वाडी-तांड्यावर चार्जिंगचाच भरवसा नाही तिथे साध्या पेन्सिल सेलची, म्हणजे दोन एए सेलची बॅटरी जास्त शहाणपणाची. तो सेल भिंतीच्या घड्याळासाठी किराणा दुकानातही मिळतो. फक्त स्वस्त कार्बन-झिंक सेल जड भारावर लवकर बसतो आणि संपल्यावर गळतो. गळलेल्या सेलने स्प्रिंग खाल्ली की बॅटरी कायमची गेली. पुन्हा भरता येणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल हा इथला उत्तम मधला मार्ग. अशा दोन सेलमध्ये मिळून पाच वॉट-तासांच्या आसपास ऊर्जा असते. त्यावर शंभर ल्युमेन चार-पाच तास टिकतात.

रंगाचा मुद्दा विक्रेते सांगत नाहीत, पण सापाच्या दृष्टीने तो मोलाचा आहे. ६,५०० केल्विनचा थंड पांढरा प्रकाश डोळ्यांना तेजस्वी भासतो, मात्र तपकिरी, मातकट, करड्या छटा त्यात एकमेकींत विरघळतात. ४,००० ते ५,००० केल्विनचा आणि रंगदर्शन निर्देशांक ९० च्या वर असलेला एलईडी घेतला तर पाचट आणि घोणशीची साखळी वेगळी दिसते. त्यासाठी थोडे ल्युमेन कमी मिळतात. हा सौदा शेतात फायद्याचाच आहे. लाल प्रकाशाने अंधाराला सरावलेली नजर टिकते हे खरे, पण लाल प्रकाशात हिरवे पीक काळे दिसते आणि सापाची नक्षी पुसली जाते. त्यापेक्षा अगदी मंद पांढरा प्रकाश बरा. नजर अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि झगझगीत झोताचा एक फटका ती घालवायला पुरतो. म्हणून सर्वांत खालची पातळी एक-दोन ल्युमेनइतकी कमी असावी.

इथे साप चावण्याबद्दल एक टिपण गरजेचे आहे. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकत्रच चालते, त्यामुळे दंश झाल्यावर साप ओळखण्यासाठी बॅटरी घेऊन त्याच्यामागे फिरण्यात वेळ घालवू नये. अंग हलू न देता रुग्ण हलवायचा आणि १०८ ला फोन करायचा. त्यासाठी फोनमध्ये चार्ज शिल्लक लागतो, आणि रात्रभर फोनचाच उजेड वापरणाऱ्याच्या फोनमध्ये तो नेमका त्या वेळी नसतो. फोनचा दिवा ही दुसऱ्या क्रमांकाची सोय आहे, अवजार नव्हे.

‘टॅक्टिकल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅटऱ्यांचे वेड अलीकडे खेड्यांतही आले आहे. हा प्रकार पोलिस आणि सैन्याच्या गरजेतून आला. १९८० च्या दशकात अमेरिकेतील शुअरफायर कंपनीची ६पी ही त्या वर्गातली नावाजलेली बॅटरी साधारण ६५ ल्युमेन देत असे. गस्तीवरच्या पोलिसाला मागच्या टोकाला असलेले, अंगठ्याने अर्धे दाबताच पेटणारे आणि सोडताच विझणारे बटण हवे असते. पेटवली की पूर्ण जोराने पेटली पाहिजे, पातळ्या शोधत बसायला वेळ नसतो. शेतकऱ्याला याच्या उलट, आधी मंद आणि मग हवी तेवढी वाढणारी बॅटरी हवी. म्हणून पोलिसासाठी योग्य असलेली बॅटरी दाऱ्यावर त्रासाची ठरते, आणि उलटही. गावातले पोलीस पाटील आणि ग्रामसुरक्षा दलाचे लोक दोन्ही कामे करतात. त्यांच्यासाठी बटणाची पद्धत स्वतः ठरवता येणारे मॉडेल पाहावे.

टॅक्टिकल बॅटरीतला डोळे दिपवणारा लुकलुकता प्रकाश, म्हणजे स्ट्रोब, शेतात निरुपयोगी आहे. त्याने जनावर पळेलच याची खात्री नाही आणि झोत मारणाऱ्याचीच नजर विचलित होते. त्याच्या भरवशावर बिबट्यापुढे थांबणे धोक्याचे. तोंडाला असलेले धारदार दातेही खिसा फाडण्यापलीकडे काही करत नाहीत. या वर्गातून उचलण्यासारखी गोष्ट एकच: मागची टोपी पाव आटा सैल करून वीज तोडता येण्याची सोय. त्याने पिशवीत बटण दाबले जाऊन बॅटरी पेटत नाही आणि सेल झिजत नाही.

स्टार्टरच्या पेटीसमोर बॅटरी तोंडात धरण्याची सवय मात्र तोडायलाच हवी. छोट्या बॅटऱ्यांची नळी ॲल्युमिनियमची असते, ओठ ओले असतात, पाय ओल्या मातीत असतात आणि हात ४१५ व्होल्टच्या तारांजवळ. वायरमन असो वा शेतकरी, इथे डोक्याला बांधायची प्लास्टिकच्या खोक्याची बॅटरीच हवी. तिने दोन्ही हात मोकळे राहतात. तिची उणीव दोन ठिकाणी जाणवते: डिसेंबरच्या धुक्यात प्रकाश डोळ्यांच्या अगदी जवळून निघत असल्याने समोर पांढरी भिंत उभी राहते, आणि पावसाळ्यात किडे तोंडावर येतात. धुक्यात ती काढून कमरेच्या उंचीवर धरावी. किड्यांसाठी पिवळसर प्रकाश निवडावा.

पाण्याबाबत आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे सहन होतात, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. सरीत पडणाऱ्या बॅटरीला आयपीएक्स७ पेक्षा कमी चालणार नाही. तेही आट्यांमधली रबरी रिंग शाबूत असेल तोवरच. काळी माती आट्यात शिरली की रिंग कापली जाते, म्हणून आटे फडक्याने पुसून सिलिकॉन ग्रीसचे बोट फिरवावे. खाण्याचे तेल वापरू नये. चार्जिंगच्या खाचेवरचे रबर चिखलाच्या हाताने उघडू नये. मे महिन्यात पारा चाळीशीपार जातो तेव्हा ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये किंवा मोटारसायकलच्या डिकीत लिथियम सेल ठेवणे सेलसाठी घातक आणि वाहनासाठीही धोक्याचे. तापलेला सेल थंड झाल्याशिवाय चार्जिंगला लावू नये.

रानातली बॅटरी घरातही एका कामाची आहे, आणि लातूर जिल्ह्याला ते वेगळे सांगावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गावे झोपलेली होती आणि दगड-मातीच्या जाड भिंती अंधारातच कोसळल्या. अशा वेळी कपाटात ठेवलेली बॅटरी नसल्यासारखीच. ती अंथरुणाच्या उशाशी, अंधारात चाचपडून हाताला लागेल अशी हवी. काळोखात चमकणारी पट्टी तिच्या नळीवर चिकटवली की काम भागते.

रब्बीचे शेवटचे पाणी झाल्यावर लिथियम सेल बॅटरीतून काढून अर्धा भरलेला, सावलीत ठेवावा. पूर्ण भरून ठेवलेला सेल उन्हाळ्यात लवकर म्हातारा होतो. निकेलचे सेल कसेही ठेवले तरी चालतात, शिसे-आम्लाची बॅटरी मात्र महिन्यातून एकदा पूर्ण भरावी. फुगलेला किंवा वेष्टन फाटलेला लिथियम सेल पुन्हा वापरू नये आणि उकिरड्यावर टाकू नये. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा.