दुर्बिणीला नवं नेटवर्क, अन् आम्हाला रेंज नाही?

परवा नारायणगावात चहाच्या टपरीवर विषय निघाला खोडदच्या दुर्बिणीचा. पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग अडल्यापासून जीएमआरटीचं नुसतं नाव काढलं तरी आपल्या तालुक्यात आवाज चढतात. एकजण म्हणाला, "यांच्या कॉम्प्युटरला नवं नेटवर्क लागतं, अन् आमच्या पोरांना फॉर्म भरायला रेंज शोधत फिरावं लागतं." राग खरा आहे, पण तो चुकीच्या ठिकाणी निघतोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ती दुर्बीण काय आहे ते बघा. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. १४ खोडदजवळ दाटीने, बाकीच्या १६ तीन दिशांना पसरलेल्या, एकूण पसारा सुमारे २५ किलोमीटर. प्रत्येक अँटेनाचा संदेश जमिनीखालच्या फायबरमधून खोडदला येतो, तिथे तो एकत्र होतो आणि ३० अँटेनांची मिळून एक दुर्बीण बनते. म्हणजे आपल्याला शेतातून दिसते ती अर्धीच दुर्बीण. उरलेली अर्धी तारा आणि कॉम्प्युटरमध्ये आहे.

ही अर्धी बाजू कच्ची राहिली तर काय होतं? चिलीच्या वाळवंटात ५००० मीटर उंचीवर आल्मा नावाची ६६ अँटेनांची वेधशाळा आहे. २९ ऑक्टोबर २०२२ ला तिच्या कॉम्प्युटरवर सायबर हल्ला झाला. अँटेनांना धक्का लागला नाही, साठवलेली माहितीही वाचली. तरी सुमारे सात आठवडे निरीक्षण बंद! पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये हवाईतल्या जेमिनी दुर्बिणीची तीच गत. खबरदारी म्हणून त्याच संस्थेच्या चिलीतल्या दुर्बिणींचं नेटवर्कही तोडावं लागलं. घरबसल्या निरीक्षण करणाऱ्यांची सोय गेली.

आणि गेलेली रात्र परत येत नाही. २०२३ च्या जूनमध्ये गुरुत्वीय लहरींच्या संथ गुंजारवाची बातमी जगभर झळकली, त्यात खोडदचाही वाटा होता. त्यासाठी पल्सार ताऱ्यांचे ठोके वर्षानुवर्षं मोजावे लागतात. मधले दोन महिने राहिले तर ते नंतर भरून काढता येत नाहीत.

म्हणून अँटेना फिरवणारे कॉम्प्युटर वेगळ्या नेटवर्कवर, ऑफिसची मेल वेगळ्या, पाहुण्यांचं इंटरनेट तिसऱ्याच, अशी वाटणी करावी लागते. ऐकायला सोपं वाटतं. पण घर बदललं की गॅस, बँक, शाळा, सगळीकडे पत्ता बदलत फिरतो ना आपण? इथे असे शेकडो पत्ते असतात, आणि काही वीस वर्षांपूर्वी कुणीतरी प्रोग्रॅमच्या पोटात लिहून ठेवलेले. लिहिणारा आता निवृत्त. म्हणून जुनं आणि नवं शेजारी-शेजारी चालवायचं, देखभालीच्या दिवसांत एकेक यंत्र हलवायचं, बिघडलंच तर परतीची वाट मोकळी ठेवायची. या कामाला वेळ आणि माणसं लागतात. आपल्याकडे नवीन दुर्बिणीला पैसे मिळतात, पण असल्या कामाला हात आखडतो, कारण इथे फीत कापायला काही नसतं.

आता आपला प्रश्न. ही दुर्बीण साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झमधलं ऐकते. मोबाइलचे ७००, ८०० आणि ९०० चे बँड नेमके याच टापूत येतात. आकाशातून येणारा संदेश इतका क्षीण की शेजारचा टॉवर म्हणजे कुजबुज ऐकताना कानाशी लावलेला डीजे. म्हणून इथे ट्रान्समीटर उभारताना जीएमआरटीला विचारावं लागतं. ते मला पटतं. पण फायबर हवेत काही फेकत नाही! खोडदच्या अँटेना स्वतः फायबरवरच बोलतात. मग ज्या गावांना दुर्बिणीसाठी टॉवरबाबत थांबावं लागतं, त्या गावांत घराघरात तार सगळ्यात आधी यायला नको का?

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना २०११ ला मंजूर झाली, पुढे तिचं भारतनेट झालं. २०२३ मध्ये तिच्यासाठी १ लाख ३९ हजार कोटी मंजूर झाले. आमच्याकडे मात्र भिंतीवरच्या डब्यातला दिवा लागला की लोक एकमेकांना फोन करून सांगतात. (फोन लागला तर.)

दुर्बिणीचं नेटवर्क अडवून आपल्याला मीटरभरही तार मिळणार नाही. उलट, टॉवर कमी हवेत म्हणून गावांना फायबर द्या, ही मागणी दुर्बीणवाल्यांनी आणि आपण मिळून केली तर सरकारला ती टाळणं अवघड जाईल. रेल्वेवर भांडण आहे ते चालू द्या, तो वेगळा विषय आहे.

पुढच्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडतोय. शेजारच्या गावांतल्या कुणाला मसुदा हवा असेल तर मेसेज करा, पाठवतो. आणि २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला खोडदला जाल तेव्हा डिश बघून झाली की तिथल्या लोकांनाही हे विचारा. सगळे मिळून विचारू.