निम्म्यावर आलेला आकडा आणि यादीबाहेरची माणसे

६ जुलै २००७ रोजी तत्कालीन केंद्रीय आरोग्यमंत्री अंबुमणी रामदास यांनी दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्याचा आरंभ केला. त्याच दिवशी देशातील एचआयव्हीबाधितांची संख्या कागदोपत्री निम्म्याहून खाली आली. शासनाचा आधीचा अंदाज ५२ लाखांचा होता. संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेने २००६ मध्ये ५७ लाखांचा आकडा देऊन भारताला दक्षिण आफ्रिकेच्याही पुढे, जगात पहिल्या क्रमांकावर नेऊन बसवले होते. नवा अंदाज सुमारे २५ लाखांचा निघाला. साथ एकाएकी ओसरली नव्हती. मोजण्यासाठी निवडलेली माणसे बदलली होती.

या कथेचा आरंभ चेन्नईतला. १९८६ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजातील डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने तपासून या विषाणूचे भारतातील अस्तित्व प्रथम उघड केले. (सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी व्यापारी कुटुंबातल्या.) रोग देशात आहे की नाही, एवढाच तेव्हाचा प्रश्न होता, आणि त्यासाठी जिथे तो सापडण्याचा संभव अधिक तिथेच शोध घेणे योग्य होते. किती जणांना तो आहे, हा प्रश्न सर्वस्वी निराळा.

त्याचे उत्तर मात्र अनेक वर्षे दवाखान्याच्या दारातच शोधले गेले. मुख्यतः शासकीय रुग्णालयांत येणाऱ्या गर्भवती आणि गुप्तरोग विभागातील रुग्ण यांच्या तपासणीवरून साऱ्या लोकसंख्येचा अंदाज बांधला जाई. पण शासकीय रुग्णालयात प्रामुख्याने गरीब येतात. शिवाय खासगी डॉक्टर बाधित रुग्णाला तिकडेच पाठवतात. आंध्रातील गुंटूर जिल्ह्यात घरोघरी जाऊन केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ही फुगवट सप्रमाण दाखवली. २००५-०६ च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लाखाहून अधिक प्रौढांचे रक्त तपासले गेले, तेव्हा बाधितांचे प्रमाण तामिळनाडूत ०.३४ टक्के, तर महाराष्ट्रात ०.६२ टक्के आढळले.

निधीसाठी आकडा फुगवला, असा आरोप तेव्हा एका बाजूने झाला. जबाबदारी टाळण्यासाठी तो घटवला, असा दुसऱ्या बाजूने. दोन्ही आरोप हेतूंविषयीचे होते. दोष मात्र निवडीत होता, आणि तो नव्या पाहणीतही होताच. कुटुंब पाहणी घरात राहणाऱ्यांना गाठते. कुंटणखाने, पदपथ आणि वसतिगृहे तिच्या कक्षेबाहेर राहतात. पात्र पुरुषांपैकी सुमारे २२ टक्क्यांची चाचणी होऊच शकली नाही. म्हणूनच २५ लाखांचा अंदाज एकट्या पाहणीवर न बेतता दवाखान्यांतील नोंदी आणि जोखमीच्या गटांची माहिती तिच्याशी जोडून काढला गेला, हे त्या तज्ज्ञांचे शहाणपण.

आज प्रश्न एड्सपुरता उरलेला नाही. पाहणीसाठी निवडलेल्या वस्तीत घरांची यादी नव्याने केली जाते. परंतु ती वस्ती चौथ्या व पाचव्या पाहणीत निवडली गेली २०११ च्या जनगणनेवरून. २०२१ ची जनगणना झालीच नाही, ती २०२७ वर गेली. दरम्यान चेन्नईच्या सीमेवरील श्रीपेरुंबुदूर-ओरगडमच्या औद्योगिक पट्ट्यात परप्रांतीय कामगारांची गर्दी वाढत गेली. कारखान्याच्या वसतिगृहात राहणारा कामगार 'कुटुंबा'च्या व्याख्येत बसत नाही. सांगलीच्या खानापूर-आटपाडीकडून सोने गाळण्याच्या धंद्यासाठी दक्षिणेत गेलेल्या गलाई कामगारांपैकी जो दुकानातच झोपतो, त्याच्या दारी प्रगणक जाण्याचा संभव थोडा. गावाकडच्या घरी प्रगणक पोहोचतो तेव्हा तो तिथे नसतो. त्याचा रक्तदाब, मधुमेह वा क्षय दोन्ही राज्यांच्या हिशेबातून निसटतो, आणि औषधांच्या तरतुदी याच हिशेबावर ठरतात. नव्या जनगणनेनंतरच्या पाहणीचा आराखडा करताना वसतिगृहे आणि कामाच्या जागीच राहणारे कामगार यांच्यासाठी वेगळा नमुना घेण्याचा निर्णय आरोग्य मंत्रालयाला करावा लागेल. तो जनगणनेचे आकडे हाती येण्यापूर्वीच झालेला बरा.