कोळंबी मरते, देणे मरत नाही

विक्रोळीच्या पूर्वेस द्रुतगती महामार्गापलीकडे ठाणे खाडीची कांदळवने पसरली आहेत. त्याच महामार्गालगत, पिरोजशानगरात, गोदरेज अ‍ॅग्रोव्हेट या कंपनीचे मुख्य कार्यालय आहे. कोळंबीचे खाद्य हा या कंपनीच्या अनेक व्यवसायांपैकी एक. कोळंबीची तळी प्रामुख्याने आंध्रच्या किनाऱ्यावर, हिशेब मात्र विक्रोळीत. टागोर नगरातून सकाळच्या पाळीला निघालेल्या कामगारास कोळंबीच्या रोगराईशी आपला काय संबंध, असे वाटले तर त्यात नवल नाही. नवल आहे ते चळवळीतील जाणत्या मंडळींचे. कोळंबी हे निर्यातदारांचे आणि बड्या हॉटेलांचे प्रकरण, रोग हे शास्त्रज्ञांचे प्रकरण, अशी वाटणी करून तीही मोकळी होतात.

ही वाटणी मुळातच खोटी आहे. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू १९९२ च्या सुमारास तैवान व चीनमध्ये प्रथम दिसला. १९९३ साली तो जपानात पोहोचला, तो चीनहून आयात केलेल्या बीजाबरोबर. १९९४-९५ साली त्याने आंध्र व तमिळनाडूची तळी रिकामी केली आणि १९९९ साली पॅसिफिक ओलांडून एक्वादोर गाठले. सात-आठ वर्षांत पृथ्वीप्रदक्षिणा घालणारा हा विषाणू स्वतःच्या पायांनी चाललेला नाही. बीज, प्रजननक्षम कोळंबी आणि गोठविलेला माल ज्या मार्गांनी गेला त्याच मार्गांनी तो गेला. व्यापाराने आणलेल्या अरिष्टाला ‘निसर्गाचा कोप’ म्हणणे व्यापाऱ्याला सोयीचे असते. समाजवाद्यांनी तोच शब्द उच्चारण्याचे कारण नाही.

रोगाचे स्वरूप कार्यकर्त्यांनी समजून घ्यावयास हवे. लागण झालेली कोळंबी खाणे सोडते, तळ्याच्या कडेला येते, तिच्या कवचावर पांढरे ठिपके उमटतात आणि तीन ते दहा दिवसांत तळेच्या तळे मरते. यावर औषध नाही. माणसाप्रमाणे प्रतिपिंडे तयार करण्याची शक्ती कोळंबीत नसल्यामुळे नेहमीच्या अर्थाची लसही चालत नाही. २००९ साली अमेरिकी जातीची व्हॅनामेई कोळंबी देशात आणण्यास परवानगी मिळाली, तेव्हा ‘रोगमुक्त’ बीजाचा मोठा गाजावाजा झाला. पण रोगमुक्त म्हणजे रोगप्रतिबंधक नव्हे. स्वच्छ बीज दूषित पाण्यात सोडले की तेही मरते, आणि त्या बीजाची मातृकोळंबी वर्षानुवर्षे परदेशी कंपन्यांकडून डॉलर मोजून आणावी लागली ती लागलीच. हा विषाणू माणसाला बाधत नाही, एवढे मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. खोटी भीती पसरविण्याने चळवळीचे भले होत नाही.

आता तळ्याकाठचा जमाखर्च पाहावा. उत्पादनखर्चाचा निम्म्याहून अधिक वाटा खाद्याचा असतो. लहान शेतकरी ते खाद्य विक्रेत्याकडून उधारीवर उचलतो, आणि पुष्कळदा तोच विक्रेता माल कोणाला विकावयाचा हेही ठरवितो. रोगाची चाहूल लागताच शेतकरी अर्धवट वाढलेली कोळंबी घाईने काढतो आणि मिळेल त्या भावाने विकतो. खाद्याचे पैसे, बीजाचे पैसे, पंपाच्या डिझेलचे पैसे मात्र पूर्ण द्यावे लागतात. ही कोणा एका कंपनीची लबाडी नव्हे. व्यवहाराची घडणच अशी आहे की नफा साखळीभर वाटला जातो आणि मृत्यू एकट्या शेतकऱ्याच्या खात्यावर पडतो. खोतीच्या काळी पीक बुडाले तरी खंड सुटत नसे. चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे संप केला तो अशाच घडणीविरुद्ध. २०२३-२४ साली देशाने सुमारे सात लाख टन गोठविलेली कोळंबी निर्यात करून चाळीस हजार कोटी रुपये मिळविले, हा आकडा मंत्र्यांच्या भाषणांत येतो. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली रोगांमुळे होणारे वार्षिक नुकसान सुमारे एक अब्ज डॉलर असल्याचा अंदाज प्रसिद्ध केला, तो भाषणांत येत नाही. विमा आहे म्हणावे, तर नोंदणीला जमिनीचे कागद लागतात. तोंडी खंडाने तळे करणाऱ्याजवळ ते कोठून असणार?

कायद्याची कहाणी याहून बोलकी आहे. सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९६ रोजी निकाल दिला. किनारी नियंत्रण क्षेत्रातील कोळंबी तळी ३१ मार्च १९९७ पूर्वी पाडावीत, पारंपरिक पद्धतीला धक्का लावू नये, आणि बेकार होणाऱ्या कामगारांना नुकसानभरपाईखेरीज सहा वर्षांचे वेतन द्यावे, असा तो आदेश होता. श्रमिकांच्या बाजूने इतका स्पष्ट निकाल क्वचितच लागतो. संसदेने २००५ साली कायदा करून किनारी नियंत्रणातून जलजीवपालनाला १९९१ पासून, म्हणजे पूर्वलक्षी प्रभावाने, सूट दिली. २०२३ च्या दुरुस्तीने तुरुंगवासाच्या शिक्षेची जागाही दंडाला दिली. धनदांडग्यांसाठी काळ मागे फिरविता येतो. कर्जदारासाठी हप्त्याची तारीखही पुढे जात नाही.

कोकणात हेच पुन्हा घडू पाहत आहे. खाजण जमिनी ‘पडीक’ ठरवून तेथे तळी खोदण्याची हाक अधूनमधून उठते, आणि रोजगाराच्या आशेने आपले काही कार्यकर्तेही तिला साथ देतात. दुसऱ्या बाजूस, २०१७ पासून राज्य शासन कांदळवनांलगतच्या गावांना खेकडापालनाची व कालवपालनाची योजना देत आहे. योजना चांगली आहे. परंतु खेकडा हा याच विषाणूचा वाहक असतो, आणि पुष्कळदा स्वतः न मरता तो वाहतो. एकाच खाडीवर वरच्या अंगाला कोळंबीची तळी आणि खालच्या अंगाला कोळी बायकांच्या गटाचे खेकड्यांचे कुंपण असेल, तर रोगट तळ्याचे निर्जंतुक न केलेले पाणी कोणाच्या दारी जाईल आणि परतीच्या भरतीबरोबर काय येईल, याचा विचार कोणत्या कचेरीत होतो?

सरसकट बंदीची घोषणा देणारेही चुकतात. तळ्यावर राबणारा मजूर आणि दोन एकरांचा शेतकरी घोषणेने जगत नाही. रोगाची वर्दी देणे सक्तीचे करावे आणि वर्दी देणाऱ्यास भरपाई मिळावी. आज वर्दी देणारा बुडतो, म्हणून लपविणारा वाढतो. खाडीवर तळ्याला परवाना देण्यापूर्वी तेथील मच्छीमार सहकारी संस्थेची संमती घ्यावी. तोंडी खंडकऱ्याची नोंदणी ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर व्हावी. आणि ज्या तळ्यावर विषाणूची नोंद झाली, त्याच्या त्या हंगामातील खाद्याच्या उधारीचा काही हिस्सा खाद्य विकणाऱ्याने सोसावा. ही शेवटची मागणी एकट्या किनाऱ्यावरून केली तर ऐकली जाणार नाही. मच्छीमारांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी ती विक्रोळी-भांडुपच्या कामगार कार्यकर्त्यांसह मांडावी. देणेकरी तिकडे समुद्राकाठी असला तरी वसुलीची वही या उपनगरात उघडली जाते.