तेवीस मजल्यांचा पायथा

नरिमन पॉइंटवरील एअर इंडियाची तेवीस मजली इमारत 1601 कोटी रुपयांस घेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने नोव्हेंबर 2023 मध्ये केला. मार्च 2024 मध्ये केंद्राने त्यास मान्यता दिली. समुद्र हटवून मिळवलेली ही जमीन मुळात राज्याचीच, भाडेपट्ट्याने दिलेली. तरीही अनर्जित उत्पन्न व व्याज यांपोटीच्या सुमारे 298 कोटींवर राज्याने पाणी सोडले. मंत्रालयाच्या विखुरलेल्या कचेऱ्या एका छपराखाली येणार असतील तर खरेदीला विरोध करण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो इमारतीच्या पायथ्याशी जनतेला किती जागा मिळणार, हा.

1974 मध्ये उभी राहिलेली ही इमारत न्यूयॉर्कच्या जॉन बर्गी यांची. त्यांचे भागीदार फिलिप जॉन्सन यांचा 1958 च्या सीग्रॅम इमारतीच्या रचनेत वाटा होता. त्या इमारतीने रस्त्यालगत पाण्याची कुंडे आणि झाडे असलेला प्रशस्त चौक मोकळा सोडला, आणि लोक तेथे येऊन बसू लागले. त्यावर भाळून न्यूयॉर्कने 1961 मध्ये असा चौक सोडणाऱ्या मालकास जादा चटईक्षेत्र देऊ केले. मालकांनी चटईक्षेत्र घेतले. चौक मात्र पुष्कळ ठिकाणी ओसाड राहिले. माणसाला नुसते बसता यावे म्हणून 1975 मध्ये नियम बदलावे लागले! भांडवलशाहीच्या राजधानीतही मोकळी जागा आपोआप लोकांची होत नाही, ती कायद्याने करावी लागते.

आपल्याकडे हे उमजते, पण जंगलात. आलापल्लीच्या ‘वनवैभवा’ला 2014 मध्ये जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा देऊन राज्याने जुन्या सागाची राई राखली. त्याच आलापल्लीचा माणूस अर्ज घेऊन, एस.टी. आणि रेल्वेने अवघा महाराष्ट्र ओलांडून मुंबईस येतो, तेव्हा त्याच्या वाट्यास प्रवेशपत्राची रांग येते. जानेवारी 2018 मध्ये एका वृद्ध शेतकऱ्याने भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी मंत्रालयात विष घेतले. पुढच्याच महिन्यात आणखी एकाने वरून उडी घेतली. शासनाने काय केले? आतल्या चौकावर जाळी ताणली.

नव्या कचेऱ्यांचा आराखडा करताना प्रवेशपत्राच्या खिडकीअलीकडे, म्हणजे रस्त्याच्या बाजूस, सावली, बाके, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि अर्ज स्वीकारून पोच देणारा कारकून यांची तरतूद झाली पाहिजे. ही जागा मंत्र्यांच्या मोटारींसाठी घेता येणार नाही, असेही त्या आराखड्यातच लिहून ठेवावे. विधिमंडळातील विरोधी सदस्यांनी येत्या अधिवेशनात तो आराखडा पटलावर मागवावा.